रिमोटवरची मानाची गाडी

धोंडिराम भावजींचं वागणं मला कधीच पटलं नाही, पण त्या सकाळी त्यांनी कहर केला. मी भाकरीबरोबर लोणचं काढायला गेले, तर बरणीचं झाकण हलेना. फडक्यानं धरलं, उंबऱ्यावर ठोकलं, गरम पाण्यात उलटं बुडवलं. नाही म्हणजे नाही. शेवटी बरणी उचलून गोठ्यात गेले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ज्यानं लावलं त्यानं काढावं. त्यांनी मनगटाला एक हिसका दिला, झाकण काढलं, लगेच परत लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. आधीपेक्षा घट्ट.

एकट्या बरणीचं असतं तर मी काही बोलले नसते. न्हाणीतला नळ त्यांनी इतका पिळला होता, की आतलं रबर तुटून पाणी चोवीस तास टिपटिपायला लागलं. खाटेची सुतळी अशी ताणली होती, की बसणारा माणूस उडावा. दाराच्या बिजागऱ्या आवळल्या, तेव्हापासून दार जिथं सोडाल तिथं उभं राहायचं, पुढं नाही नि मागं नाही. सैल काही दिसलं, की त्यांच्या हाताला चैन पडायचं नाही. माझी कवळी तेवढी त्यांच्या तावडीतून सुटली होती.

हे सगळं हरण्या आणि पाखऱ्या गेल्यापासून. शर्यतीवर बंदी आली, पळणारे बैल दावणीला बसून राहिले, तेव्हा एक दिवस कुणाला न सांगता भावजींनी ती जोडी माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. संध्याकाळी आले ते खांद्यावर नुसता कासरा घेऊन. मी विचारलं, बैल कुठं आहेत. म्हणाले, कामाला लागले. तेव्हापासून रिकाम्या गोठ्यात बसायचे आणि हाताला लागेल ते आवळायचे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मालक गेल्यावर डुबलांच्या घरातले तेच थोरले पुरुष, आणि म्हणून उंबरजाईच्या यात्रेतली मानाची गाडी हाकण्याचा हक्क त्यांचा.

ही मानाची गाडी काय, ते सांगते. आमच्या उंबरवाडीत चैत्रात उंबरजाईची यात्रा भरते. शर्यती सुरू होण्याआधी आमच्या घरचा छकडा एकटा पळतो, देवळापासून शिवेच्या दगडापर्यंत. छकड्यावर देवीची ओटी बांधलेली असते. ती आमच्या घरच्या बाईनं भरायची. लग्न होऊन आले तशी मीच भरत आले, माझ्याआधी सासूबाई भरत होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर धरतात. गाडी सुटली, की शिवेला पोचेपर्यंत तिला माणसाचा हात लागायचा नाही, आणि चाक दोराबाहेर जायचं नाही. गेलं, तर मान पुढच्या घराला. पुढचं घर शेडग्यांचं. माझ्या सासऱ्यांपासून भावजींपर्यंत कुणाचं चाक बाहेर गेलं नव्हतं, आणि शेडगे वाट बघून थकले नव्हते.

बंदीच्या पहिल्या वर्षी गाडी निघालीच नाही. दुसऱ्या वर्षी यात्रेच्या आधी देवळात बैठक बसली. पोरांनी पुण्याहून रिमोटवर पळणाऱ्या गाड्या आणल्या होत्या, त्यांच्याच शर्यती लावायच्या असं त्यांचं चाललं होतं. विलास शेडगे उठला. मोठ्या नम्रतेनं म्हणाला, की देवीची ओटी दोन वर्षं अडून राहणं बरं नाही. डुबलांच्या घरी आता बैल नाहीत. आमच्या घरी रिमोटची गाडी आहे, यंदा ती नेईल. तोंडात साखर आणि नजर ओटीवर.

बाळू गुरवाला विचारलं. तो पुजारी, यात्रेत शेवटचा शब्द त्याचा. त्यानं जरा विचार करून सांगितलं, की गाडी आपल्या पायानं पळावी, हात लागू नये आणि दोर ओलांडू नये, एवढंच त्याच्या आज्यानं त्याला सांगितलं होतं. बैलच हवेत असं आज्यानं काही सांगितलं नव्हतं.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. तिथूनच म्हटलं, "मग डुबलांची गाडी पळंल. रिमोटची तर रिमोटची."

विलासनं विचारलं, "हाकणार कोण, हौसाकाकी? तुम्ही?"

"ज्येंचा हक्क त्येच हाकतील."

सगळ्यांनी भावजींकडं बघितलं. ते खांबाला टेकून बसले होते. उठले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. घरी आल्यावर मी गाठलं, तेव्हा म्हणाले, "मी खेळणं हाकू? पोरांच्या पंगतीत उभं राहून?" मी म्हटलं, देवीला चालतंय, तुम्हाला न चालायला तुम्ही कोण लागून गेलात. ते उठून बाहेर गेले. गोठ्यातला एक खुंटा हलत होता, तो ठोकत बसले.

माझा दिनकर कराडला कारखान्यात आहे. त्याला फोन करून सांगितलं, कुठूनही एक गाडी आण. त्याच्याबरोबर कामाला असलेल्या एकाच्या घरात जुनी गाडी पडून होती, रविवारी तो ती घेऊन आला. मांजराएवढी, पुढं काटेरी रबरी चाकं, वर निळं झाकण. अंगणात सोडली तर ती अशी चालली, जशी यात्रेतनं परत येणारी माणसं चालतात. सरळ सोडली की डावीकडं, सावरली की उजवीकडं. तुळशीच्या कट्ट्याला धडकली आणि चाकं फिरवत तिथंच राहिली.

मी उचलून पुढचं चाक धरलं आणि हलवलं. पडायला आलेला दात हलतो तसं हललं. दुसरं तसंच. खाली उलटी करून बघितली तेव्हा सगळं दिसलं. मध्ये एक लहानशी डबी, तिच्यात मोटर. दिनकर म्हणाला ती सर्व्हो, चाकं वळवायचं काम तिचं. तिच्यापासून दोन बारीक दांड्या दोन चाकांकडं गेलेल्या, दांडीच्या टोकाला वाटी आणि वाटीत गोळी बसलेली. वाट्या झिजून गोळ्या आत खुळखुळत होत्या. स्क्रू सैल. चाकाची कणी, म्हणजे बारीक आस, ज्या भोकात बसते ती भोकं मोठी झालेली. दिनकर म्हणाला, आई, हे सगळे पार्ट नवे मागवावे लागतील, यात्रेच्या आत यायचे नाहीत. शेडग्यांना मान देऊन टाकू, तेवढाच तुझा जीव सुटेल.

मी त्याला सांगितलं, तुझा स्क्रूचा डबा ठेव आणि कामावर जा.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालून मी अंगणात पोतं अंथरलं आणि गाडी मांडीवर घेतली. सगळे स्क्रू काढून ताटलीत ठेवले. वाटीत गोळी सैल, म्हणजे मध्ये काहीतरी पातळ घालायला हवं. दुधाच्या पिशवीचा बारका तुकडा कापला, वाटीवर ठेवला आणि वरून गोळी दाबली. टच्च बसली. फिरत होती, पण खुळखुळत नव्हती. चाकाच्या कणीला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बारीक चकत्या केल्या, त्या करताना बोट कापलं. आता स्क्रू पुन्हा ढिले होऊ नयेत म्हणून काय करायचं, ते सुचेना. सुनेनं तिची नखाला लावायची लाल बाटली आणून दिली. स्क्रूच्या पिळाला तो रंग लावून फिरवला, तो वाळून चिकटला. सून म्हणाली, आत्याबाई, गाडीला नटवताय. म्हटलं, देवीपुढं जायचंय तिला.

भावजी गोठ्याच्या दारात बसून बघत होते. मी एक स्क्रू वाकडा बसवत होते, तो त्यांच्याच्यानं बघवेना. कुरकुरत आले आणि म्हणाले, "द्या हिकडं. पीळ मारतासा का वरवंटा फिरवतासा?"

मी दिली. हेच तर मला हवं होतं, पण तसं दाखवलं नाही.

त्यांनी दोन दिवस ती गाडी खाली ठेवली नाही. एकेक स्क्रू काढून परत बसवला. माझ्या चकत्या टाकून दिल्या आणि स्वतः कापल्या, माझ्यापेक्षा नीट, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी अंगणात सोडली, तर दोरी ताणल्यासारखी सरळ गेली. वळवली की वळायची, सोडली की सरळ. रिमोट त्यांच्या हातात होता. तो त्यांनी कासरा धरतात तसा पोटाशी धरला होता, आणि तोंडातून बैलांना घालतात तसला आवाज निघत होता. माझं लक्ष आहे हे कळल्यावर बंद केला.

मग वळण घेताना गाडी गोठ्याच्या खांबाला लागली. फार जोरात नाही. पण आतून करकर आवाज आला, आणि त्यानंतर चाकं वळेनात. उजवीकडं सांगा, डावीकडं सांगा, ती आपली नाकासमोर.

दिनकरला फोन लावला. त्यानं विचारून विचारून सांगितलं, की मोटरीच्या आतले प्लॅस्टिकचे दाते तुटले असणार. पुण्यात त्याच्या ओळखीच्या दुकानात तसली एकच मोटर शिल्लक होती, ती एसटीच्या पार्सलनं पाठवायला सांगितली. ही गेली तर दुसरी यात्रेच्या आत मिळणार नाही, हेही त्यानं बजावलं. पार्सल आलं तेव्हा यात्रा उद्यावर होती.

भावजी नवी मोटर बसवायला घेऊन बसले, मी शेजारी शेंगा फोडत बसले. मोटर आणि दांड्या यांच्या मध्ये एक तुकडा होता, त्याच्या पोटात बारीक स्प्रिंग. त्या तुकड्याभोवती भावजींनी काळी तार गुंडाळून पक्कडीनं पिळली होती. आता परत तेच करायला निघाले.

मी विचारलं, "ही तार कशापायी?"

म्हणाले, तो तुकडा लुसलुशीत आहे. चाक दाबलं की मोटर जागेवर राहते आणि हा तुकडा तेवढा दबतो. मग गाडी हुकमात कशी राहणार. छकड्यात जरा जरी खुळखुळ असली, तर बैल बिथरतो. चाळीस वर्षं मी गाडी खुळखुळू दिली नाही, आता देऊ?

मी शेंगांचं सूप बाजूला केलं. गाडी हातात घेऊन चाक दाबलं. खरंच, स्प्रिंग दबली आणि सोडल्यावर चाक जागेवर आलं. परत दाबलं, परत आलं. सैल चाक असं परत येत नाही. मी त्यांना ते दाखवलं. त्यांचं म्हणणं, स्प्रिंग जुनी झाली म्हणून दबते.

म्हटलं, "भावजी, जू दांडीला कशानं बांधता?"

"दोरानं. कशानं बांधत्यात?"

"खिळ्यानं का ठोकत न्हाई?"

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसताना बघितले. म्हणाले, "ठोकलं तर पयल्या खड्ड्यात दांडी मोडंल की. जुवाला हलाया जागा लागती."

मी परत शेंगा फोडायला लागले. त्यांनी तुटक्या दात्यांची जुनी मोटर उचलून बघितली. मग त्यांनी तारेचा तुकडा उकिरड्याकडं भिरकावला.

मोटर बसवून झाल्यावर उठता उठता म्हणाले, "वहिनी, ही स्प्रिंग दबणार. धक्का बसला तर गाडी क्षणभर हातातनं जाणार. चाक भाईर गेलं, तर गावाला उत्तर तुम्ही द्यायचं."

म्हटलं, "देईन."

यात्रेच्या दिवशी मी ओटी भरली. एवढ्याशा गाडीवर नारळ मावेना, म्हणून खणाच्या तुकड्यात हळकुंड, सुपारी आणि पाच तांदूळ बांधून पुरचुंडी केली आणि निळ्या झाकणावर घट्ट शिवली. भावजींनी पटका बांधला होता, गुलाबी, शर्यतीचा. रिमोट घेऊन देवळासमोर उभे राहिले, तेव्हा पोरं हसली. ते पोरांकडं बघत नव्हते. वाट निरखत होते, पायानं चाचपडत, कुठं दगड, कुठं भुसभुशीत.

मी शिवेच्या दगडापाशी जाऊन थांबले. ओटी उतरवून घ्यायची तिथंच. हलगी वाजली, गुरवानं हात खाली टाकला आणि गाडी सुटली. मागोमाग भावजी दोराच्या कडेनं चालत निघाले. मला लांबून आधी नुसती धूळ दिसली, मग धुळीच्या टोकाला एक निळा ठिपका. सरळ येत होता. हसणारी पोरं आता ओरडत होती. भावजींचा आवाज हलगीवरून ऐकू आला, बैलांना घालतात तोच. आज बंद केला नाही त्यांनी.

मध्यावर कुणीतरी फोडलेल्या नारळाची करवंटी पडली होती. गाडीचं पुढचं चाक तिच्यावर चढलं, गाडी एका अंगावर उडाली आणि आडवी होऊन दोराकडं गेली. धूळ उठली आणि मला काही दिसेना. करकर ऐकू येते का म्हणून मी कान दिला. हलगीत काय ऐकू येणार.

धुळीतनं निळं झाकण बाहेर आलं. वाटेच्या मधोमध, सरळ. दाते शाबूत, चाकं शाबूत, खण शाबूत. येऊन दगडापाशी थांबली तेव्हा लोकांनी तिच्यावर एवढा गुलाल उधळला, की निळी गाडी लाल झाली. मी वाकून ओटी उतरवली. बाळू गुरव धापा टाकत पोचला आणि म्हणाला, डुबलांचा मान राहिला. विलास शेडग्यानंही हात जोडले. मला त्या वेळी जे वाटलं, ते मालक गेल्यापासून वाटलं नव्हतं.

भावजी आले. पटका सुटून खांद्यावर आलेला, अंगभर धूळ. पोरं त्यांना उचलायला धावली, त्यांनी हातानंच लांब केली.

"चाक भाईर गेलं व्हतं," ते म्हणाले.

हलगीवाला वाजवायचा थांबला. गुरवानं विचारलं, कुठं. करवंटीपाशी, भावजी म्हणाले. डावं चाक दोराखालनं बाहेर गेलं आणि परत आत आलं. गुरवानं दोर धरणाऱ्यांना विचारलं. त्यांनी माना हलवल्या. धुळीत डोळे मिटले होते, काही दिसलं नाही. खुद्द विलास भावजींना म्हणाला, "बापू, आमी कुणी बघितलं न्हाई."

"मी बघितलं," भावजी म्हणाले. "गाडी माझी हाय."

बाळू गुरवानं माझ्याकडं बघितलं. तो आमच्या घरचा माणूस, मालकांचा मित्र. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, की बापूच्या डोळ्याचं मागं ऑपरेशन झालंय, धूळ केवढी होती, म्हाताऱ्या माणसाला भास होतो. वहिनी, तुमीच सांगा, बापूला नीट दिसतं का? तुमच्या घरात असतात, तुमच्याइतकं कुणाला म्हाईत.

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघायला लागलं. दिसत नाही, एवढे दोन शब्द बोलले असते तर ओटी माझ्या घरात राहिली असती. माझी सून भरती झाली असती, तिची सून भरती झाली असती. भावजींनी मान वर केली नाही. मी काय बोलेन याची त्यांना खात्री असावी. एवढी वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाला आपल्या वहिनीची जीभ माहीत असते. ते पटक्याचं टोक कमरेला खोचत होते, घट्ट, आणखी घट्ट.

कापलेलं बोट गुलालानं चुरचुरत होतं. ओटी माझ्या मुठीत होती.

"भावजी," मी म्हटलं, "वर बघा. तुम्ही हट्टी हायसा, घुमं हायसा, आन् तुमच्यासंगं एका घरात ऱ्हाणं म्हंजी शिक्षा हाय. पर तुमच्या डोळ्याला काई झाल्यालं न्हाई. तुम्ही भाईर म्हणालासा, म्हंजी गाडी भाईर. मान शेडग्यांचा."